डावा फाटा, पुढे वाट नाही

४ मार्च

चि. भोंगा,
आशीर्वाद.

परवा दुपारी गिरणीच्या दारात एक माणूस उभा राहिला. हातात तू छापलेले पुस्तक, पानात बोट घालून धरलेले. त्याने गिरणीवाल्या बाईंना विचारले, "माझी बायको इथं आहे ना?" बाईंचा निरोप आला, म्हणून हे पत्र लिहावे लागते आहे. फोनवर तू मधे मधे बोलतोस आणि मी चिडते, तेव्हा लेखी बरे. तूही लेखीच उत्तर दे.

तुझ्या बाबांची आणि माझी मोटारवाल्यांसाठीची मार्गसूची पुन्हा छापायची, असे तू म्हणालास तेव्हा मला हसू आले होते. चाळीस वर्षांपूर्वीचे पेट्रोल पंप आणि पंक्चरची दुकाने आज कोण वाचणार? तू म्हणालास, "आत्या, रस्ता मोबाइल दाखवतो गं. पण रस्त्यावर काय होतं, ते कोण दाखवतं?" वाक्य बरे होते. मी ट्रंक उघडून सगळ्या आवृत्त्या तुझ्या पुढ्यात टाकल्या आणि एकच अट घातली: मजकुरात काडीचा बदल करायचा नाही. तू छातीवर हात ठेवून म्हणालास, "अक्षर न् अक्षर जुनं."

आज पुस्तक नीट उघडून पाहिले. अट तू पाळली आहेस. डाव्या पानावर आमचा मजकूर जसाच्या तसा आहे. घाट उतरल्यावर तिसऱ्या वळणापाशी आम्ही लिहिले होते: "डावा फाटा. पुढे वाट नाही. गाडी वळवायला जागा नाही." आणि समोरच्या पानावर, जिथे तू आजच्या वाचकांसाठी लाल शाईत टिपा देतोस, तिथे लिहिले आहेस: "सूचीतली ही एकमेव चूक! खुशाल आत जा. ओढ्यावरच्या लाकडी पुलापलीकडे झाडीत लपलेली जुनी पाणचक्की आहे. गिरणीवाल्या बाई कुणालाही दारातून परत पाठवत नाहीत." खाली घराचा फोटो. शिवाय तो मोबाइल समोर धरायचा काळा-पांढरा चौकोन, म्हणजे ज्याला वाचायचा कंटाळा असेल तोही नेमका दारात पोचावा.

ती चूक नव्हती. मी लिहिलेले धडधडीत खोटे होते, आणि विचार करून लिहिलेले होते.

आमची कामाची रीत तुला ठाऊक आहे. मोठा रस्ता दादा गाडीने करी. फाटे मी पायी जाऊन बघून येई. तो गाडीत सिगारेट ओढत बसे आणि मी सांगेन ते सूचीत जाई. त्या फाट्याने मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा गिरणीवाल्या बाई तरुण होत्या. त्यांच्या माडीवर घर सोडून आलेली एक बाई होती आणि तिचा शोध चालला होता. बाईंनी मला पाणी दिले आणि म्हणाल्या, "ताई, आम्हाला तेवढं पुस्तकात घालू नका." मी परत येऊन दादाला सांगितले, पुढे वाट नाही. त्यानंतरच्या प्रत्येक आवृत्तीत तेच छापले. त्या माडीवर अशा बायका येत राहिल्या, बऱ्या होऊन जात राहिल्या. कोण, कुठल्या, मी विचारले नाही.

सध्या तिथे शिवणकाम करणारी एक मुलगी आहे, लहान लेकीला घेऊन आलेली. परवा आला तो तिचा नवरा. तुझ्या फोटोत दोरीवर एक फ्रॉक वाळतो आहे, चिंध्या जोडून शिवलेला. तो त्याच्या ओळखीचा होता. तो दारात उभा असताना ती पोत्यांच्या थप्पीमागे लेकीच्या तोंडावर हात दाबून बसली होती. बाईंनी त्याला "दळण आणलंय का? नाही ना? मग चक्कीत काय काम?" असे म्हणून वाटेला लावले. पण तो पुन्हा येईल.

लहानपणी एका सुट्टीत तू तिथे राहिला आहेस. तेवढ्या आठवणीवरून, काही न कळता तू लिहिलेस, असे मी धरून चालते. तो चौकोन आजच्या आज बंद कर. पुस्तके दुकानांतून परत मागव. एवढा मोठा प्रकाशक झालास तरी माझ्यासाठी भोंगाच आहेस, म्हणून विनंती करत नाही, सांगते आहे.

आत्या

---

९ मार्च

ती. आत्या,
सा. न.

तुझं पत्र म्हणजे समन्सच! पाकिटावरचं अक्षर बघूनच मी खुर्चीत सरळ बसलो.

आत्या, शप्पथ, मला काहीच माहीत नव्हतं. मला आठवतं ते एवढंच: मोठं लाकडी चाक, झोपाळा, आणि आई दिवसभर माझ्याजवळ. घरी ती कधी अशी निवांत बसायची नाही. माझ्या डोक्यात ती माझी सगळ्यात छान सुट्टी आहे. वाटलं, टीप वाचून तुला गंमत वाटेल. तू रागावशील हे ध्यानीमनी नव्हतं. फोटो मी काढला नाही. एका फोटोग्राफरला घाटातले सगळे फोटो काढायचं काम दिलं होतं, त्यात तो आला. फ्रॉककडे कोण बघतं?

चौकोन बंद केलाय, आता तो कुणाला कुठेही नेत नाही. पुस्तकं परत मागवणं मात्र तू म्हणतेस तितकं सोपं नाही गं. आवृत्ती हातोहात चाललीय. लोक जुनी सूची मांडीवर घेऊन गाडी काढतात, "इथं पंप होता, इथं पाण्याची टाकी होती" करत फिरतात. वर्तमानपत्रात आलं. तुझं नाव चाळीस वर्षांनी पुन्हा छापून आलं, ते काही नाही का? मी असं सुचवतो: त्या टिपेवर चिकटवायला एक पट्टी छापतो आणि दुकानदारांना देतो. तुम्हीही रस्ता बदलला की पट्ट्या चिकटवायचात की!

आणि एक विचारू? ओरडू नकोस. तू लिहिलंस ते वाचून अंगावर काटा आला. पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हे घेता येईल का? गाव, नाव काही नाही. "एका फाट्याची गोष्ट." वाचक रडतील, आत्या.

बाईंना माझा नमस्कार कळव.

तुझा,
भोंगा

---

११ मार्च

ताई,
नमस्कार.

शिवणवाली अजून इथंच आहे. पोरगी जरा जोरात हसली तरी आम्ही सगळ्या दाराकडे बघतो. दुसरीकडे सोय बघते आहे. सोय लागेपर्यंत चक्की चालू ठेवलीय, आवाजात आवाज जातो.

तुमच्या भाच्यावर माझा राग नाही. पण एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून विचारते. थंडीत तो आला होता. दारातच म्हणाला, "आत्यानं पाठवलंय." म्हणून मी दार उघडलं. नाहीतर पुरुषमाणसाला आम्ही ओसरीच्या आत घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तोंडवळा अगदी आईचा. मी म्हटलं, "तू तो चाकाखाली होड्या सोडणारा ना?" तर हसला. म्हणाला, "आईनं जायच्या आधी सगळं सांगितलंय मला." मग मी पण मोकळेपणानं बोलले. आई कुठल्या खोलीत राहायची ते दाखवलं. आतल्या दोन कड्या दाखवल्या. अजूनही बायका येतात, हेही बोलून गेले. शिवणवालीनं त्याला चहा करून दिला.

जाताना त्यानं विचारलं, फोटो काढू का? मी म्हटलं, आत्याला दाखवायला असेल तर काढ बाबा.

तुम्ही पाठवलं नव्हतं का त्याला?

गिरणीवाली

---

१४ मार्च

भोंगा,

गिरणीवाल्या बाईंचे पत्र आले. तुझ्या त्या फोटोग्राफरला माझा नमस्कार सांग. तो तिथे चहा पिऊन आला, आईची खोली बघून आला, आणि दार उघडावे म्हणून माझे नाव सांगून आला, असे कळते.

तुझे पत्र मी पुन्हा वाचले. "शप्पथ" हा शब्द तू किती सहज लिहितोस! पाळण्यात होतास तेव्हापासून तुला ओळखते असे वाटत होते. तू खोटे बोललास याचे इतके नवल नाही. लहान असताना दुधाचा पेला मोरीत ओतून मिशी पुसत यायचास. पण बाईंनी दार माझ्या शब्दावर उघडले, तुझ्या नाही. तो शब्द तू माझ्या खिशातून काढून नेलास आणि मला पत्ता लागला नाही.

प्रस्तावनेत काही येणार नाही. पट्ट्या नकोत, पट्टी दिसली की लोक आधी नखाने तीच उचकटतात. पुस्तके परत.

मला एकच कळव. सगळे माहीत असताना का छापलेस?

आत्या

---

१७ मार्च

ती. आत्यास,

विचारलंत म्हणून सांगतो. हो, गेलो होतो. तुमचं नाव सांगितलं, कारण त्याशिवाय दार उघडलं नसतं. माझ्याच लहानपणाच्या घरात शिरायला मला तुमची चिठ्ठी लागते, हेच आधी मला सहन झालं नाही.

बाबा शेवटच्या आजारात होते तेव्हा एकदा मला म्हणाले, "त्या उन्हाळ्यात तुम्हा दोघांना शोधत मी गाडीनं सगळा मुलूख पालथा घातला. एक तो घाटाखालचा डावा फाटा राहिला. थांबलो होतो तिथं. सूची उघडून बघितली. पुढे वाट नाही." मग हसले. म्हणाले, "नसेलच. तुझी आत्या बघून आली होती ना." मी तेव्हा पाय चेपत होतो. मला अर्थ कळला नाही. बाबा गेल्यावर आईनं तिच्या शेवटच्या दिवसांत सांगितलं की आम्ही त्याच फाट्याच्या आत होतो. मी विचारलं, का? ती म्हणाली, "भांडण झालं होतं." बास. भांडण! कुठल्या घरात होत नाही?

म्हणजे माझा बाप भर उन्हात फाट्यावर उभा होता, आम्ही हाकेच्या अंतरावर होतो, आणि त्याला स्वतःच्याच पुस्तकानं परत पाठवलं. ते वाक्य तुम्ही लिहिलं होतं. आणि मग तुम्ही आमच्याच घरी येऊन राहिलात! इतकी वर्षं बाबांच्या ताटाला ताट लावून जेवलात, त्यांच्या शेजारी गाडीत बसून रस्ते मोजलेत, आणि प्रत्येक आवृत्तीत ते खोटं पुन्हा पुन्हा छापून त्यांच्याच हातात दिलंत. ज्या माणसानं मला कधी बोट लावलं नाही, त्याला तुम्ही मूर्ख बनवलंत. मी तुम्हाला फसवलं असं म्हणता, तर बाबांना कुणी फसवलं?

मी छापलं ते एवढंच, की ही चूक आहे. कुणीतरी कधीतरी ते छापायला हवं होतं.

शिवणवाली कोण, हे मी विचारलं नाही. बाई बोलल्या असतील. मी तेव्हा आईच्या खोलीच्या भिंती बघत होतो. चहा घेतला, छान झालाय म्हटलं. भाडेकरू असेल असं वाटलं. तेवढं माझं चुकलं. बाकीचं नाही.

आपला,
भाचा

---

२० मार्च

भोंगा,

तुझ्या बाबांनी तुला बोट लावले नाही हे खरे आहे. का लावले नाही, ते लिहिते. हे तुझ्या आईने तुला सांगितले नाही, कारण तिला वाटत होते की तुला बाप असावा. तिच्या मर्जीविरुद्ध मी आज सांगते आहे, आणि त्याला कारण तू आहेस.

आईच्या डाव्या हाताची दोन बोटे वाकडी होती. तुला सांगत आलो की गाडीच्या दारात सापडली. दारात सापडली हे बरोबर आहे.

त्या दिवशी आपण सगळे गाडीत होतो. एका पंपावर थांबलो. आमची सूची घेऊन तिथे थांबलेल्या एका माणसाने पुढच्या गावाचा रस्ता विचारला आणि दादाच्या आधी तुझ्या आईने उत्तर दिले. उत्तर अचूक होते. तो माणूस म्हणाला, "साहेब, पुस्तक वहिनींनी लिहिलंय वाटतं!" दादाही हसला. मग ती गाडीत बसायला लागली. हात दाराच्या चौकटीवर होता. दादा बाहेरून दार लावायला आला, त्याने त्या हाताकडे पाहिले, आणि दार लावले. पाहून लावले. मी मागच्या सीटवरून बघत होते. नंतर तो आपल्या जागी येऊन बसला आणि त्याने मला विचारले, "मीटर किती झाला?"

तू पुढे दोघांच्या मधे उभा होतास. आई ओरडली तसा तू गाडीचा भोंगा दाबलास आणि दाबूनच धरलास. काही केल्या सोडेनास. पंपावरची माणसे हसायला लागली. पोराला गाडीचे वेड आहे, असे आम्ही सगळ्यांना सांगितले. त्या दिवसापासून तुला भोंगा म्हणतात.

ती पहिली वेळ नव्हती. मी डोळ्यांनी पाहिली अशी पहिली. दुसऱ्या दिवशी दादा छापखान्यात गेल्याबरोबर मी तुम्हा दोघांना घेऊन बसने त्या फाट्यावर उतरले. गिरणीवाल्या बाईंनी तुझ्या आईला माडी दिली. मी परत येऊन दादाला सांगितले, मला काही माहीत नाही. तो फाट्यावर उभा राहिला होता हे मला आज तुझ्याकडून कळले. सूची वाचून परत गेला ना? मग ते वाक्य ज्या कामासाठी लिहिले होते, ते काम त्याने केले. मी ते आजही तसेच लिहीन.

सुट्टी संपत आली तेव्हा तुझी आई परत जाते म्हणाली. तुझी शाळा होती आणि तू "बाबा, बाबा" करत होतास. मी तिला अडवले नाही. म्हटले, मग मीही येते. कॉलेजातली नोकरी सोडली, माझी खोली सोडली, आणि तू लिहितोस तशी तुमच्या ताटाला ताट लावायला आले. मला कुठे जायला जागा नव्हती अशी तुझी समजूत असेल. असू दे. दादाला सूची माझ्याशिवाय काढता येत नव्हती. फाटे बघायला मी, लिहायला मी, प्रुफे तपासायला मी. मी त्याला तुझ्या आईदेखत एकदाच सांगितले, "पुन्हा हात उचललास तर मी गाडीतून उतरेन, आणि सूची माझ्याबरोबर उतरेल." त्याला पुस्तक बायकोपेक्षा प्यारे होते. त्याने हात उचलला नाही. तुला बोट न लावणारा बाप मिळाला, तो असा मिळाला.

वहिनीसाठी जे केले त्याचा हिशेब मी कुणाला देत नाही. पण दुसऱ्या कुणाची तरी लेक आज पोत्यांमागे बसली आहे. तुला वाटते तू चूक दुरुस्त केलीस. तू दादाला तो फाटा दाखवलास, एवढेच केलेस. तो आता नाही, म्हणून त्याच्या जागी दुसरा आला.

आत्या

---

२९ मार्च

ताई,
नमस्कार.

तो परत आला. या वेळी सोबत दोघे होते. पण मायलेकी आदल्या दिवशीच गेल्या होत्या. त्यांनी माडी धुंडाळली, पोती उसकटली. काही सापडलं नाही तेव्हा शिवणयंत्र जिन्यावरून खाली ढकललं. यंत्र तिचं एकटीचं, स्वतःच्या कमाईचं होतं. ते उचलून न्यायला तेवढा वेळ मिळाला नव्हता. मला काही केलं नाही. एक जण जाताना म्हणाला, "म्हातारे, आता सगळ्यांना पत्ता माहीत आहे."

खरंच आहे ते. मागच्या आठवड्यात तीन गाड्या येऊन गेल्या. चांगली माणसं होती, मुलंबाळं घेऊन आली होती. झोपाळ्यावर बसू का, चाक फिरवून दाखवता का, करत होती. त्यांना काय सांगणार? पण ज्या घरात कुणीही येऊ शकतं, तिथं कुणाला लपवायचं?

म्हणून ओढ्यावरचा पूल काढून टाकला. माझ्या मुलीनं आणि जावयानं एकेक फळी उपसली. आता दळण घेऊन गाडी येणार नाही, म्हणजे चक्कीही बंद. माझं वय झालंय, आज ना उद्या बंद करायचीच होती. पाणी चाकाखालून नुसतं वाहून जातं. आवाज नाही, त्यामुळे झोप येत नाही.

तुमच्या पुस्तकात आहे ते आता खरं झालं बघा.

शिवणवाली कुठे गेली ते लिहीत नाही. तुम्हालाही नाही, ताई. तुमच्यावर राग नाही. तुम्ही कुणाला सांगणार नाही हे मला माहीत आहे. पण तुमचं नाव सांगून एकदा कुणीतरी आत आलं. आता तुमच्या नावावर दार उघडायची माझी मलाच भीती वाटते. तिकडून निरोप आला तरी तुम्हाला कळवणार नाही. समजून घ्या.

गिरणीवाली

---

१० एप्रिल

आत्या,

तुझं पत्र आल्यावर बरेच दिवस उत्तर लिहिता आलं नाही. तुझ्यावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून बसलो होतो. मग एके दिवशी ऑफिसखाली कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न अडकला, थांबेचना. सगळे खिडकीतून खाली बघून हसत होते. मी मात्र टेबलाखाली बसलो. ऑफिसातल्यांना सांगितलं, पेन पडलं.

मला दार आठवत नाही, आत्या. आई ओरडलेली आठवत नाही. पण हाताखालचं ते गरम काळं रबर आठवतं. हे इतकी वर्षं मी गाडीचं वेड समजत होतो.

काल फाट्यावर गेलो. बाईंची माफी मागायची होती. ओढ्यापर्यंत गाडी गेली. पूल नव्हता. पलीकडे झाडीतून घराचा कोपरा दिसत होता, ओसरीवर कुणी नव्हतं. हाक मारली. दोनदा मारली. बाई बाहेर आल्या, बघितलं आणि आत गेल्या. आतल्या दोन्ही कड्या लागल्याचा आवाज ओढ्याच्या या काठापर्यंत आला, पाणी इतकं शांत होतं.

तिथं गाडी वळवायला खरंच जागा नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत सगळी वाट उलटी गाडी काढत यावं लागलं.

पुस्तकं परत मागवली आहेत. बहुतेक आली, काही विकली गेलेली येणार नाहीत, त्याला माझ्याकडे उपाय नाही. नवी आवृत्ती काढायची की नाही, ते तू सांगशील तसं. काढलीच तर त्या पानावर लाल शाईत एकच ओळ टाकेन: "जाऊन पाहिले. सूची बरोबर आहे."

शिवणवालीसाठी नवं यंत्र घेतलंय. कुठे पाठवू?

आणि मला त्या नावानं नको हाक मारूस.

तुझा भाचा

---

१५ एप्रिल

चि.,

यंत्र कुठे पाठवायचे ते मला माहीत नाही. कुणी मला सांगत नाही आणि त्यांचे बरोबर आहे. तुझ्याकडेच ठेव. रोज दिसेल अशा जागी ठेव.

तू गेलास, हाक मारलीस, हे वाचले. बाई आत गेल्या. त्या माझ्यासाठीही बाहेर येणार नाहीत. त्या घरात आयुष्यात एकदाच कुणी मला ताई म्हणून पाणी दिले, आणि मी एवढी वर्षे त्याला जपले. ते तू माझ्या हयातीत संपवलेस. तुला बाप कसा होता हे आता कळले म्हणून माझे जे गेले ते परत येत नाही. तुझे वाईट वाटते. ते वेगळे.

नवी आवृत्ती काढायची तर काढ. लाल ओळ ठेव. सूची म्हणजे बाबांचे 'स्वतःचेच पुस्तक', असे तू लिहिलेस. मग बाबांचीच असू दे. माझे नाव मुखपृष्ठावरून काढ. ट्रंकेत तुझ्या वाटणीच्या काही वस्तू आहेत. रविवारी दुपारी येऊन घेऊन जा. चहा करणार नाही.

आत्या

---

१९ एप्रिल, रविवार

भाचा दुपारी आला. दारातच देवघेव झाली. मी "बस" म्हटले नाही, तोही बसला नाही.

त्याला दिले: दादाच्या गाडीतला मैलांचा मीटर, काच तडकलेली. मार्गसूचीचे माझ्या वाट्याचे हक्क, सही करून. वहिनीच्या डाव्या हाताचा कातडी पट्टा, वाकड्या दोन बोटांना आधार म्हणून ती बांधायची तो. तो त्याने बराच वेळ उलटसुलट करून पाहिला आणि शर्टाच्या खिशात ठेवला, पिशवीत नाही. गिरणीच्या चाकाखाली सोडायची एक लाकडी होडी, शीड नसलेली, जी त्या सुट्टीनंतर माझ्या सामानात आली होती.

त्याच्याकडून मिळाले: परत आलेल्या पुस्तकांतली ती पाने, फाडून, दोरीने बांधलेली. आणि माझ्या घराची किल्ली. ती मी मागितली नव्हती. जुडग्यातून त्याने स्वतःच काढून पुढे धरली.

मी घेतली.